मावसोबांचा नसलेला कुत्रा

ज्या गोष्टीचं वजन करता येत नाही ती गोष्ट जगात नाहीच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या थोरल्या मावशीचा नवरा होता. आम्ही सगळी भाचरं त्यांना मावसोबा म्हणायचो, बाकीचं गाव नाना म्हणायचं. जळगावात स्टेशनापलीकडे कापसातली सरकी काढणारं एक जिन होतं, तिथे ते काट्यावर होते. कपाशीच्या गाड्या यायच्या, ओझी काट्यावर चढायची, मावसोबा एक डोळा मिटून दांडीकडे बघायचे आणि जो आकडा तोंडातून निघायचा तो शेठलाही गिळावा लागायचा आणि शेतकऱ्यालाही. इतक्या वर्षांत पावशेराचा फरक त्यांनी कोणाच्या बाजूने केला नव्हता. त्यामुळे शेठची त्यांच्यावर मर्जी नव्हती, आणि त्यांना काढून टाकण्याची हिंमतही नव्हती, कारण हे काट्यावर उभे असतात म्हणूनच निम्म्या गाड्या त्या जिनाकडे वळायच्या.

आता, काटा जिनातच ठेवून माणसाने घरी यावं की नाही? पण मावसोबा तो डोळ्यांत घेऊन यायचे. समोर आलेल्या कोणत्याही वस्तूचं, जनावराचं किंवा पाहुण्याचं वजन मनातल्या मनात केल्याशिवाय त्यांना पुढचं बोलणं सुचत नसे. स्वतःच्या मुलीला बघायला इंदूरची मंडळी आली तेव्हा मुलगा काय शिकलाय, घरचं काय आहे, हे सगळं बाकीच्यांनी विचारलं. मावसोबा बराच वेळ त्या मुलाकडे बघत राहिले आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "दीड मण. त्यातले पाच शेर कोट आणि पगडी." मंडळी गार झाली. मावशीने स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून घेतला. नशीब असं की तो मुलगा खो खो हसला आणि म्हणाला, "पगडी उसनी आहे, ती वजा करा." तेवढ्यावर मावसोबांनी लग्न पक्कं केलं. खरं बोलणारा मुलगा आहे, म्हणाले.

देण्याघेण्यात ते असेच काटेकोर होते. त्यांना कोणी कंजूष म्हणालं तर मी भांडेन. एक पै कमी देणार नाहीत, एक पै जास्त देणार नाहीत, आणि फुकट तर काहीच घेणार नाहीत. भाजीवाली वरून चार मिरच्या टाकायची, तर हे त्या चार मिरच्या उचलून तिच्या टोपलीत परत ठेवायचे. "याचे पैसे झाले नाहीत," म्हणायचे. भाजीवाली चिडायची. अख्ख्या बाजारात मिरच्या परत करणारं हे एकच गिऱ्हाईक होतं. फक्त डॉक्टर लोकांवर मात्र त्यांचा अतोनात राग. "काय दिलं, किती दिलं, काही कळत नाही. शिशीला एक कागद चिकटवला की झालं. माप न दाखवता पैसे घेणारा माणूस तो डॉक्टर," असं त्यांचं मत होतं. त्यामुळे घरात कोणालाही काहीही झालं तरी औषध एकच, ओवा. पोट दुखलं, ओवा. ताप आला, ओवा. मावशीची दाढ वर्षभर ठणकत होती, तिलाही ओवाच. मी तेव्हा मामलेदार कचेरीत नवा कारकून म्हणून लागलो होतो आणि मावशीकडेच राहत होतो. पहिल्या महिन्यात माझी सायकलवरून पडून ढोपरं फुटली तेव्हा मावसोबा ओव्याची पुरचुंडी घेऊन आले, आणि आता हा कुठे लावायचा, असा विचार करत बराच वेळ उभे राहिले.

सायकलीवरून आठवलं. ती सायकल मी मित्राची मागून आणलेली होती, आणि माझ्या ढोपरांपेक्षा मावसोबांचं लक्ष तिच्याकडेच जास्त होतं. कारण जगातल्या एका वस्तूवर त्यांचं प्रेम जडलेलं होतं, आणि ती वस्तू म्हणजे बाजारातल्या दुकानात टांगलेली एक हिरवी, विलायती सायकल. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, देवळात जावं तसे ते त्या दुकानात जायचे. दुकानदार सायकल खाली उतरवायचा. मावसोबा चाक फिरवून बघायचे, घंटी वाजवायला लावायचे, आणि मग दोन्ही हातांनी सायकल उचलून म्हणायचे, "सतरा शेर. बरोबर आहे." दुकानदार म्हणायचा, "नाना, गेल्या रविवारीही सतराच होती." "असू दे. बघितलेलं बरं." घरी एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार वर्षं सायकलीसाठी पैसे साठत होते. त्या डब्याला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. मुलीच्या बाळंतपणातसुद्धा त्या डब्याचं झाकण उघडलं नव्हतं.

अशा माणसाच्या आयुष्यात कुत्रा आला.

लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. माघात नशिराबादहून कपाशीची एक गाडी आली आणि तिच्या आसाखालून चालत एक पिवळट, एक कान पडलेला गावठी कुत्रा आला. गाडी रिकामी झाली, निघून गेली. कुत्रा राहिला. पुढच्या खेपेला मावसोबांनी त्या गाडीवानाला बजावलं, "तुमचं जनावर घेऊन जा." गाडीवान हसला. "राहू द्या नाना. घरी अजून तीन आहेत. आणि याने तुम्हाला पसंत केलंय." "मी कशाला ठेवून घेऊ? तो त्याच्या मर्जीने बसलाय." कुत्रा खरोखरच त्याच्या मर्जीने बसला होता, आणि बसायला त्याने जागा निवडली होती ती नेमकी काट्याच्या पारड्यात. रिकामं भांडं तोलताना पलीकडच्या पारड्यात जो दगड ठेवतात त्याला धडा म्हणतात. हमालांनी कुत्र्याचं नाव ठेवलं धड्या. मावसोबांनी ते नाव कधी उच्चारलं नाही. नाव घेतलं की आपला झाला, अशी त्यांना भीती असावी. ते त्याला "हे जनावर" म्हणत. पण रोज सकाळी पारड्यातून उठवण्याआधी ते दांडीकडे एक नजर टाकायचे आणि हमालांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आज अकरा शेर."

हे जनावर आठवड्याभरात त्यांच्या मागोमाग घरी यायला लागलं. मावशीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं तर मी तरी राहीन नाहीतर ते तरी. मावसोबा म्हणाले, "मला काय सांगतेस? माझं आहे का ते? जिनाचं आहे." पुढे हेच उत्तर त्यांनी सगळ्या आळीला दिलं. धड्याने समोरच्या मास्तरांची नवी कोरी चप्पल पळवली आणि मन लावून खाल्ली. मास्तर तक्रार घेऊन आले तेव्हा मावसोबा शांतपणे म्हणाले, "कुत्रा माझा नाही." आणि दुसऱ्या दिवशी चांभाराकडून मास्तरांच्या मापाची चप्पल करून त्यांच्या दारात ठेवून आले. मास्तरांनी विचारलं, "कुत्रा तुमचा नाही ना? मग हे?" "शेजारी आहात म्हणून," मावसोबा म्हणाले. असं शेजारधर्माने त्यांनी एक चप्पल, दोन पापडांची वाळवणं आणि एका ब्राह्मणाचं सोवळं भरून दिलं.

आणि एक गंमत माझ्या लवकरच लक्षात आली. मावसोबा मूळचे पारोळ्याकडचे. लहानपणी घरात सगळे अहिराणी बोलायचे, पण जळगावात आल्यापासून, शेठ, मुनीम, कचेरी यांच्यात वावरून, त्यांची भाषा पार शुद्ध झाली होती. मावशीशीसुद्धा ते शुद्धच बोलायचे. एके दिवशी मी मागच्या अंगणात सहज गेलो तर मावसोबा उकिडवे बसून कुत्र्याच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत होते आणि दिवसभर कुठे होतास, काय खाल्लंस, असं त्याला चक्क अहिराणीत विचारत होते, "आठे ये रे भो. कथा गयथा दिवसभर? काय खादं?" मला बघताच ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "जनावराला स्वच्छता नाही."

तर आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आमच्या खान्देशात आखाजीला दिवाळीइतकं महत्त्व. मावशीने खापरावर पुरणाचे मांडे केले, दोन टोपल्या रायवळ आंबे पिळून रस केला, आम्ही पोट फुटेस्तोवर जेवलो. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मावसोबा जिनातून आले ते चपलाही न काढता ओसरीवर बसले. मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "साडेनऊ शेर." मला वाटलं, हंगामाच्या शेवटच्या गाड्यांत कोणाचं काही कमी भरलं असेल. "कोणाचं?" "त्या जनावराचं. परवा अकरा होतं."

धड्या काही खात नव्हता. पाणी प्यायला तरी उलटून पडायचं. अंगणाच्या कोपऱ्यात पोट जमिनीला लावून तो नुसता बघत पडलेला असायचा. मावसोबांनी अर्थात ओवा दिला. मग ओव्याचं पाणी दिलं. मग एरंडेल. दुसऱ्या दिवशी कुत्रा नऊ शेर भरला. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मावसोबा आपल्या पायांनी दवाखान्याकडे गेले. म्हणजे गुरांच्या दवाखान्याकडे. तिथले डॉक्टर बैलांची साथ होती म्हणून खेड्यांवर गेलेले. कंपाउंडरने धड्याचं पोट चाचपलं, मान हलवली. "आत काहीतरी कठीण अडकलंय. आतड्यात. फाडून काढावं लागेल. ते काम इथे होत नाही."

"मग कुठे होतं?"

"धुळ्याला पलटणीतून पेन्शनीत आलेले एक घोडेडॉक्टर आहेत. ते करतील. पण ते पैसे घेतात, बरं का. आणि नाना, गावठी कुत्रं आहे हे."

मावसोबा घरी आले. बातमी आधीच आळीत पोचली होती. मास्तर चप्पल घालून आले आणि म्हणाले, "नाना, कुत्र्यासाठी कोणी धुळ्याला जातं का? दुसरं मिळेल, हवं तर दहा मिळतील." जिनातले मुनीम संध्याकाळी मुद्दाम येऊन सांगून गेले की जनावराचा जीव आहे, तो आला तसा जातो. मावसोबा सगळ्यांचं ऐकून घेत होते. मग ते आत गेले आणि फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून ओसरीवर आणून ठेवला.

मावशी दारात उभी होती. तिचा गाल दाढेने सुजलेला. ती म्हणाली, "वर्षभर माझी दाढ दुखतेय. मला ओवा दिलात."

मावसोबांनी मान खाली घातली. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.  डब्याचं झाकण चाचपत ते म्हणाले, "तू सांगू शकत होतीस. तू भांडू शकत होतीस. ते बोलत नाही."

मला वाटलं, आता मावशी डबा उचलून विहिरीत टाकते. पण ती काही क्षण कोपऱ्यातल्या त्या कुत्र्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भाकरी बांधून देते. आणि परत आलात की मला भुसावळला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं. आत्ता हो म्हणा." मावसोबा म्हणाले, "हो." मग मावशी माझ्याकडे वळली. "आणि तू रजा काढ. हे एकटे गेले तर तिथल्या डॉक्टरचं वजन करत बसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टेशनावर. कुत्र्याला तिकीट लागतं आणि त्याला गार्डाच्या डब्यात ठेवावं लागतं, हे मला तिथे कळलं. तिकीटबाबूने विचारलं, "मालकाचं नाव?" मावसोबा म्हणाले, "कुत्रा जिनाचा आहे." "जिनाच्या नावावर कुत्रा जात नाही." "मग सोबत जाणारा असं लिहा." पाठीमागे रांग खोळंबली, लोक ओरडायला लागले, तेव्हा बाबूने वैतागून काहीतरी खरडलं आणि पावती फेकली. धड्याला गोणपाटात गुंडाळून गार्डाच्या हवाली केलं.

त्यानंतर चाळीसगावपर्यंत मावसोबा गाडीत बसलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. शिरसोली आलं, उतरले. म्हसावद आलं, उतरले. गाडी थांबली रे थांबली की एका हातात धोतराचा सोगा धरून ते फलाटावरून थेट शेवटच्या डब्याकडे धावत सुटायचे, दारातून आत डोकवायचे आणि शिट्टी झाली की तसेच धावत परत. डब्यातले उतारू मला विचारायला लागले, "या गृहस्थांना पोटाचा त्रास आहे का?" पाचोऱ्याला गाडी सुटली तरी मावसोबा आले नाहीत.  पुढच्या स्टेशनावर मी उडी टाकून मागे पळालो, तर गार्डाच्या डब्यात मावसोबा ऐसपैस मांडी घालून बसलेले, मांडीवर धड्याचं डोकं, आणि तो दांडगा गार्ड हातपंख्याने दोघांना वारा घालतोय. "दर स्टेशनाला किती धावणार?" गार्ड मला म्हणाला. "पडले असते तर माझी नोकरी गेली असती."

चाळीसगावला धुळ्याच्या गाडीसाठी भर दुपारी दोन तास बसावं लागलं. वैशाखातलं ऊन. फलाटाच्या दगडावर पाय टेकवत नव्हता. मावसोबांनी आपलं उपरणं नळाखाली भिजवून कुत्र्याच्या अंगावर घातलं, ते वाळलं की पुन्हा भिजवायचे. आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर सावली धरली. उघड्या डोक्याने ते चारचौघांत बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. आणि आता माझ्यासमोर, फलाटावरच्या परक्या लोकांसमोर, ते न लाजता त्याच्याशी बोलून त्याला धीर देत होते. "आते उनं बरं धुळं. भिऊ नको, मी शे ना आठे." धड्या शेपटीचं टोक तेवढं हलवायचा. मावसोबांनी त्याला दोन्ही हातांवर घेतलं, जरा वर-खाली केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ शेर तीन पाव."

घोडेडॉक्टरांचा बंगला पांझरेच्या काठी होता. पांढऱ्या मिशा, उंच देह, आवाज असा की अजून समोर पलटण उभी आहे. व्हरांड्यात एक लाकडी टेबल, भिंतीला घोड्यांच्या तसबिरी. त्यांनी कुत्र्याचं पोट दाबलं, डोळ्याची पापणी उलटून बघितली आणि विचारलं, "कुत्रा कोणाचा?"

मावसोबा कुत्र्याखालचं गोणपाट सारखं करत राहिले.

"मी विचारतोय, मालक कोण? मालक नसेल तर मी हात लावत नाही. आत गेला आणि बाहेर आलाच नाही, तर कोणाला सांगायचं?"

मी मावसोबांकडे बघितलं.  ते म्हणाले, "माझा." मग एकदम, कोणी विचारलं नसताना, भडाभडा बोलायला लागले. "आखाजीच्या दिवशी मीच त्याला कोयी चाटायला टाकल्या. बायको नको म्हणाली होती. माझा सण झाला, त्याचाही व्हावा असं वाटलं. तो एक कोय धरून बसला होता, मी त्याला हाक मारली, त्याने घाईने गिळली आणि माझ्याकडे धावत आला. मी हाक मारली नसती तर..."

डॉक्टरांनी त्यांना पुरं बोलू दिलं. मग साधेपणाने म्हणाले, "रायवळ असेल. निसरडी कोय. दर वर्षी एखादं असं येतं. वजन किती असेल याचं? गुंगीचं औषध वजनावर द्यावं लागतं. अंदाजाने सांगा."

मावसोबांच्या पाठीचा कणा ताठ झाला. "आठ शेर तीन पाव. आणि हा अंदाज नाही."

डॉक्टर हसले, कुत्र्याला उचलून आतल्या काट्यावर ठेवलं, बघितलं, पुन्हा बघितलं. बाहेर आले तेव्हा त्यांची नजर बदललेली होती. "पलटणीत मला तुमच्यासारखा एक माणूस मिळाला असता तर चार घोडे वाचले असते," ते म्हणाले. मग फीचं बोलणं झालं.  माझा महिन्याचा पगारही तेवढा नव्हता. डॉक्टरांनीही ते ओळखलं असावं. म्हणाले, "खरं सांगतो, वाचेलच असं नाही. अशक्त झालाय. मेला तर निम्मे द्या."

"निम्मे कशाला?" मावसोबा म्हणाले. "पूर्ण घ्या, आत्ताच घ्या. आणि पूर्ण लक्ष द्या." त्यांनी डबा उघडून टेबलावर ठेवला. चार मिरच्यांसाठी भाजीवालीशी वाद घालणारे मावसोबा त्या दिवशी डॉक्टरने किती उचलले ते बघायलाही थांबले नाहीत. हात धुवायला गेले.

शस्त्रक्रियेबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. मला मागचे पाय धरायला सांगितलं होतं. पहिल्या चिऱ्याला मी टेबलाखाली होतो. डॉक्टर ओरडले, "या पोराला बाहेर न्या आणि तोंडावर पाणी मारा," एवढं आठवतं. मी व्हरांड्याच्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो आणि आतून मावसोबांचा आवाज येत होता, न थांबता, एका सुरात. कुत्रा बेशुद्ध होता, त्याला काही ऐकू येत नव्हतं, तरी ते पारोळ्याच्या शेताबद्दल, लहानपणच्या विहिरीबद्दल, आपल्या आईबद्दल अहिराणीत सांगत होते. ज्या गोष्टी मावशीनेही कधी ऐकल्या नसतील त्या मी त्या पायरीवर बसून ऐकल्या. मग आतून टक्क असा बशीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मावसोबा बाहेर आले. घामाने न्हालेले. तळहातावर ती कोय होती. ती त्यांनी जरा तोलून बघितली. "दोन तोळेसुद्धा नाही," म्हणाले, आणि माझ्या शेजारी बसून लहान मुलासारखे रडले.

धर्मशाळेत कुत्र्याला मज्जाव होता, म्हणून मावसोबा डॉक्टरांच्या रिकाम्या तबेल्यातच गवतावर मुक्काम करून राहिले. मी दुसऱ्या दिवशी कचेरीसाठी परतलो. आठ दिवसांनी ते आले, टांग्यातून, मांडीवर पट्ट्या बांधलेला धड्या. सगळी आळी जमली. मास्तर म्हणाले, "नाना, आणलात का जिनाचा कुत्रा?" मावसोबांनी टांग्यातून उतरत ठणकावून सांगितलं, "जिनाचा नाही, माझा आहे. काही नुकसान केलं तर माझ्याकडे या." आणि ते ओसरीवर आले तर उंबऱ्याच्या आत, बरोबर दाराच्या कडेला, मावशीने एक जुनी गोधडी चौघडी करून घातलेली होती. ती म्हणाली, "तात्पुरती आहे हां. टाके सुकेपर्यंत." ते टाके मावशीच्या हिशेबाने पुढे सहा वर्षं सुकले नाहीत.

शब्द दिल्याप्रमाणे मावसोबा पुढच्याच आठवड्यात मावशीला भुसावळला घेऊन गेले आणि दाढ काढून आणली. ओव्याची बरणी फळीवरून खाली आली आणि मसाल्यात गेली. हिरवी सायकल श्रावणात मुनिमांनी घेतली. मुनीम मुद्दाम आमच्या दारावरून घंटी वाजवत गेले तेव्हा मी मावसोबांकडे हळूच पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले. "त्या घंटीचा आवाज मला पहिल्यापासून आवडला नव्हता." चार वर्षं दर रविवारी ती घंटी त्यांनी वाजवायला लावली होती. पण पुढच्या आखाजीला त्यांनी जे केलं त्यावरून आळी अजून हसत असेल. सकाळपासून एक टोपली घेऊन ते दारोदार फिरले. "कोयी द्या. बाहेर टाकू नका. माझ्याकडे द्या." लोकांना वाटलं, नानांना कोयींचा धंदा काढायचाय. सगळ्या कोयी त्यांनी गावाबाहेर खड्डा खणून पुरल्या. दर वर्षी पुरायचे. पुढे त्या जागी आंब्याची इतकी रोपं उगवली की कुठलं कोणाच्या कोयीचं काही कळेना.

माझी नंतर नाशिकला बदली झाली. लढाई सुरू होऊन चार वर्षं होत आली होती, धान्य मापाने मिळायला लागलं होतं, आणि रेशनच्या दुकानात मावसोबांनी दुकानदाराच्या काट्यातली खोट कशी पकडली याची लांबलचक कार्डं मला येत. मग एक कार्ड आलं, त्यात चारच ओळी होत्या. धड्या गेला, म्हातारा झाला होता, झोपेतच गेला, काळजी करू नये. मी दोन दिवसांची रजा काढून जळगावला गेलो.

मावसोबा जिनातून निवृत्त झालेले. ते बरेच वाकले होते. मावशी मला दारातच हळूच म्हणाली, "त्याचं काही बोलू नकोस. ते बोलत नाहीत." आम्ही चहा घेतला. कापसाचा भाव, शेठचा मुलगा, माझं नाशिकचं बिऱ्हाड, सगळं बोलून झालं. ऊन उतरल्यावर ते काठी घेऊन उठले. "चल, जरा पाय मोकळे करून येऊ."

आम्ही नशिराबादच्या रस्त्याने निघालो, धड्याला घेऊन ते रोज जायचे त्याच रस्त्याने. दोन्ही बाजूंना कडुनिंबाची झाडं. मी बोलत होतो, ते हं हं करत होते. पहिल्या झाडापाशी ते थांबले. मला वाटलं, दम लागला. दोन क्षण उभे राहून चालू लागले. दुसऱ्या झाडापाशी पुन्हा थांबले; काठी टेकून, रस्त्याकडे बघत, कोणाचं तरी आटपायची वाट बघावी तसे. मी चार पावलं पुढे गेलो होतो, परत आलो. तिसऱ्या झाडापाशी माझ्या लक्षात आलं.

चौथं झाड आलं तेव्हा त्यांच्याआधी मीच थांबलो. मावसोबांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं तिथे थोडा वेळ उभे राहिलो आणि मग पुढे निघालो.